शिकविणाऱ्याचा अभ्यास

रविवारी सकाळी मोठी माणसे उपासनेला बसलेली असतात तेव्हा, किंवा त्याच्या तासभर आधी, महाराष्ट्रातील बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या आवारात मुलांचा एक वर्ग भरतो. जुनी माणसे त्याला शब्बाथशाळा म्हणतात, नव्यांच्या तोंडी संडे स्कूल हे नाव बसले आहे, आणि वसईकडील कॅथलिक गावांतून हेच काम धर्मशिक्षणाचा वर्ग या नावाने चालते. वर्गाचा सरंजाम बेताचाच असतो: एक सतरंजी, एक फळा, हजेरीपत्रक, भिंतीला टाचलेले एखादे रंगीत चित्र, आणि पाठांतराचे वचन न अडखळता म्हणून दाखविणाराला द्यावयाची लहानसहान बक्षिसे. शिकविणारी व्यक्तीही, पाहू गेल्यास, धर्मशास्त्राची पदवी घेतलेली क्वचितच असते. बँकेतील कारकून, रुग्णालयातील परिचारिका, वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, अशांपैकी कोणाची तरी नेमणूक मंडळीची कमिटी करते, आणि नेमणूक होताना तो माणूस बहुधा एकच सबब पुढे करतो, की मला स्वतःलाच बायबल नीटसे येत नाही. ही सबब खरी असते. आणि मौज अशी, की आडकाठी म्हणून पुढे केलेली ही उणीव भरून निघण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग त्या नेमणुकीतूनच जातो.

दुसऱ्याला शिकविताना आपण स्वतः शिकतो, हा अनुभव काही ख्रिस्ती मंडळींचा खास मक्ता नव्हे. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने तो आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात नमूद केला आहे, आणि गुरूंपेक्षा सोबत्यांकडून व सोबत्यांपेक्षाही शिष्यांकडून अधिक शिकलो, अशा आशयाची कबुली तालमुदातील एका रब्बींच्या नावावर आहे. परंतु बायबलसारख्या ग्रंथाच्या बाबतीत या अनुभवाला एक विशेष कारण आहे, आणि ते पाहिल्याशिवाय मुलांच्या वर्गाचे खरे मोल कळणार नाही. लहानपणापासून हा ग्रंथ ऐकत आलेल्या प्रौढ माणसाने तो वाचताना स्वतःला कितीतरी सवलती परस्पर देऊन टाकलेल्या असतात: वंशावळी आल्या की पाने उलटावीत, कथा परिचित असली की अर्ध्यावर डोळे मिटून घ्यावेत, तारण, कृपा, नीतिमत्त्व हे शब्द आले की ते समजले आहेत असे धरून चालावे, आणि जेथे एखादी गोष्ट मनाला खटकते तेथे, कोणीतरी विद्वान माणसाने तिचा खुलासा केलाच असेल, एवढ्यावर समाधान मानावे. या सवलती कोणी मागितलेल्या नसतात आणि कोणी मंजूरही केलेल्या नसतात. वर्षानुवर्षांच्या वहिवाटीने त्या हक्क होऊन बसतात. सात-आठ वर्षांची मुले समोर बसली, की त्यांतील एकेक सवलत काढून घेतली जाते.

मुलांच्या प्रश्नाला असे मानाचे स्थान द्यावे, ही कल्पना उपऱ्या शिक्षणशास्त्राने बायबलवर लादलेली नसून तिची मुळे त्या ग्रंथातच आहेत. इजिप्तच्या गुलामीतून सुटका झाली त्या रात्रीचा वल्हांडणाचा विधी निर्गमच्या बाराव्या अध्यायात लावून दिला आहे; तेथे विधीचा तपशील सांगून झाल्यावर, पुढे तुमची मुले याचा अर्थ विचारतील तेव्हा काय सांगावे, याचीही तरतूद करून ठेवलेली आढळते. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात आज्ञांच्या बाबतीत तेच, आणि यहोशवाच्या चौथ्या अध्यायात तर यार्देन नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणून ते रचून ठेवण्याचे प्रयोजनच असे सांगितले आहे, की पुढे मुलांनी ते पाहून विचारावे आणि वडिलांना सांगणे भाग पडावे. म्हणजे स्मारक उभारावयाचे ते उत्तरासाठी नव्हे, प्रश्नासाठी. ज्यू घरांतून वल्हांडणाच्या रात्री सर्वांत लहान मुलाने चार प्रश्न विचारावयाचे आणि मग कथा सुरू व्हावयाची, हा रिवाज त्याच परंपरेतला. त्या रात्री वाचावयाची पोथी, जिला हग्गादा म्हणतात, ती कोकणातील बेने इस्राएल समाजासाठी मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली आणि पुण्यात १८७४ साली छापली गेली होती. तेव्हा मुलाने विचारावे आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी निर्गमची कथा सांगावी, हा प्रकार मराठी भाषेलाही परका नाही.

ख्रिस्ती परंपरेतील थोर शिक्षकांनी या कामातील कंटाळा आणि लाभ, दोन्ही जवळून पाहिले होते. इसवी सन ४०० च्या सुमारास कार्थेज येथील देओग्रातियास नावाच्या एका डीकनने हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याजकडे तक्रार केली, की नवख्या लोकांना त्याच त्या प्राथमिक गोष्टी सांगून मी इतका कंटाळलो आहे की माझे बोलणे माझे मलाच नीरस वाटते. ऑगस्टिनने उत्तरादाखल एक छोटे पुस्तकच लिहून पाठविले. त्यात तो म्हणतो, की आपल्या नित्याच्या पाहण्यातील आणि म्हणून आपण ढुंकूनही न पाहणारी रम्य स्थळे एखाद्या पाहुण्या मित्राला प्रथमच दाखविताना त्याच्या आनंदाने आपलाही आनंद ताजा होतो, तसेच हे आहे. ऐकणारावर प्रेम असेल तर जुने ते सांगणारालाही नवे होते. त्याचाच समकालीन जेरोम हा बेथलेहेममध्ये राहून बायबलचे लॅटिन भाषांतर करणारा प्रकांड पंडित; त्याने लेता नावाच्या रोमन स्त्रीला तिच्या पावला नावाच्या चिमुकल्या मुलीच्या शिक्षणाविषयी जे पत्र लिहिले, त्यात हस्तिदंताची किंवा लाकडाची अक्षरे करून ती मुलीला खेळावयास द्यावीत येथपासून, बायबलमधील पुस्तके कोणत्या क्रमाने वाचवून घ्यावीत येथपर्यंत विचार केलेला आहे. स्तोत्रे आधी, मग नीतिसूत्रे, उपदेशक, ईयोब, त्यानंतर शुभवर्तमाने, आणि गीतरत्न सर्वांत शेवटी, कारण त्यातील प्रणयाच्या भाषेआडचा आध्यात्मिक अर्थ अपक्व मनाला उमगावयाचा नाही. एवढ्या विद्वानालाही एका मुलीसाठी सबंध ग्रंथाची मांडणी नव्याने तपासावी लागली. मार्टिन लूथरने १५२८ च्या सुमारास सॅक्सनीतील गावोगावच्या मंडळ्यांची पाहणी केली, तेथील अज्ञान पाहून १५२९ साली मुलांसाठी व सामान्यांसाठी प्रश्नोत्तरी सिद्ध केली, आणि आपण पंडित असूनही रोज सकाळी ती लहान मुलासारखी म्हणतो व तिचा विद्यार्थीच राहिलो आहोत, असे मोठ्या प्रश्नोत्तरीच्या प्रस्तावनेत निःसंकोचपणे लिहून ठेवले.

आज आपण ज्याला संडे स्कूल म्हणतो त्याचा उगम मात्र पांडित्यात नसून दारिद्र्यात आहे. इंग्लंडातील ग्लॉस्टर हे टाचण्यांच्या कारखान्यांचे गाव. सहा दिवस कामाला जुंपलेली पोरे रविवारी रस्त्यांवर हुंदडत, ती पाहून रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्राच्या मालकाने १७८० साली त्यांच्यासाठी रविवारची शाळा उघडली, शिकविणाऱ्या बायांना रोजंदारी दिली, आणि वाचन शिकविण्यासाठी हाती बायबल दिले. या शाळांचा फैलाव पुढे इतका झपाट्याने झाला की पगारी शिक्षक पुरेनासे होऊन बिनपगारी स्वयंसेवकांवर भार पडला, आणि त्यांतील कितीतरी जण त्याच शाळांत अक्षर गिरवून वर आलेले कामगार होते. वेल्समध्ये थॉमस चार्ल्स या धर्मोपदेशकाने चालविलेल्या शाळांत तर मुलांबरोबर मोठी माणसेही वर्ग करून बसू लागली. तेथील मेरी जोन्स नावाची गरीब विणकराची मुलगी पैसा पैसा साठवून, सुमारे पंचवीस मैल चालत, १८०० साली चार्ल्सकडे बायबल विकत घ्यावयास गेली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. वाचावयास शिकलेल्या अशा लोकांची भूक भागविण्याच्या खटपटीतूनच १८०४ साली लंडनमध्ये बायबल सोसायटी स्थापन झाली, जिच्या धर्तीवरील संस्थांनी पुढे हिंदुस्थानातील भाषांतून बायबल छापून वाटले. १८७६ साली अलाहाबाद येथे इंडिया संडे स्कूल युनियन निघाली, आणि तिच्या तीन वर्षे आधी अमेरिकन मिशनने ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मराठी मासिक सुरू केले होते.

मराठीपुरते बोलावयाचे तर शिकविण्यातून अभ्यास कोणत्या थराला जाऊ शकतो, याचे दोन दाखले पुरेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोमंतकात रायतूर येथे छापले गेले. त्याच्या आरंभी कवीने प्रसंग योजला आहे तो असा, की सासष्टीत ख्रिस्ती लोकांना धर्मतत्त्वे सांगितली जात असता एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणे आम्ही सोडली, तर त्यांच्या जागी वाचावयास आम्हाला काय देता? श्रोत्याच्या या रास्त मागणीला उत्तर म्हणून एका इंग्रज माणसाने उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा दहा हजारांहून अधिक ओव्यांत, ती मनात पुन्हा घोळवून, रचली. दुसरा दाखला पंडिता रमाबाईंचा. १८९६-९७ च्या दुष्काळातील अनाथ मुली व विधवा यांना त्यांनी केडगावला आपल्या मुक्तिसदनात आसरा दिला. या मुलींना बायबल शिकविताना प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर मराठी खेड्यातून आलेल्या पोरींच्या पचनी पडत नाही, हे त्यांना दिसले, आणि ज्या बाईंना संस्कृतातील पांडित्याबद्दल कलकत्त्याच्या विद्वत्सभेने गौरविले होते त्या बाई उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकावयास बसल्या, कारण सोपे सांगावयाचे तर मूळ काय म्हणते ते स्वतःला कळले पाहिजे. संपूर्ण बायबलचे भाषांतर त्यांनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत चालविले, मुक्तिसदनातील स्त्रियांनीच त्याचे खिळे जुळविले, आणि रमाबाई १९२२ साली वारल्यानंतर १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. विद्यार्थिनींच्या समजुतीखातर शिक्षिकेने दोन भाषा पैदा करणे, याहून मोठा पुरावा या विषयात कोणता द्यावा?

परंतु एवढी झेप सर्वांच्या नशिबी नसते, आणि तिची गरजही नाही. नगर जिल्ह्यातील एका मंडळीत मागच्या बाकावर बसून मी ऐकलेला योनाचा पाठ अगदी साधा होता. शिकविणाऱ्या बाई रुग्णालयात परिचारिका होत्या. योना देवाची आज्ञा टाळून जहाजात बसून पळाला, वादळ झाले, खलाशांनी त्याला समुद्रात टाकले, माशाने गिळले, तीन दिवसांनी कोरड्या भूमीवर ओकले, मग तो निनवे शहरी गेला, त्याने नाशाचा इशारा दिला, लोकांनी पश्चात्ताप केला आणि शहर वाचले, येथवर गोष्ट सांगून त्या थांबल्या. पुष्कळ ठिकाणी ती येथेच थांबते. पण बाईंनी चौथा अध्यायही वाचून दाखविला, की शहर वाचले म्हणून योना रागावला. तेव्हा पुढे बसलेल्या एका मुलाने विचारले, “पण बाई, राग कशाचा आला? सगळे वाचले की!”

“तुला काय वाटतं?” बाई म्हणाल्या.

“त्याला वाटलं असंल, आपुन सांगितल्यालं खोटं पडलं.”

शेजारची मुलगी म्हणाली, “नाहीतर ते त्याचे दुश्मन असतील.” आणि लगेच, “बाई, मग शेवटी तो घरी गेला का?”

दोन्ही मुलांनी, आपणास न कळत, त्या चिमुकल्या पुस्तकाच्या मर्मावर बोट ठेवले होते. योनाच्या पुस्तकात अवघी अठ्ठेचाळीस वचने, आणि ज्याचे चित्र प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लागते तो मासा त्यांतील केवळ तीन वचनांत येतो. बाकीचा सगळा मामला रागाचा आणि दयेचा आहे. निनवे हे अश्शूरचे महानगर, आजच्या इराकमधील मोसूलजवळचे; याच अश्शूरने इसवी सनापूर्वी ७२२ च्या सुमारास इस्राएलचे उत्तरेकडील राज्य बुडविले, हे कळले म्हणजे शत्रूवर दया झालेली पाहून चडफडणारा योना हास्यास्पद न वाटता अगदी आपल्यातला वाटू लागतो. आणि तो घरी गेला का, याचे उत्तर पुस्तकात नाही; एक लाख वीस हजारांहून अधिक अजाण माणसे आणि कितीतरी गुरेढोरे असलेल्या शहराची मी कीव करू नये काय, या देवाच्या प्रश्नावर ते एकाएकी संपते. ज्यू लोक हे पुस्तक प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारी सबंध वाचतात, ते माशासाठी खासच नव्हे. दोन पोरांना पुढच्या रविवारी काय सांगावे, एवढ्यासाठी बाईंनी नकाशा धुंडाळला, राजांचे दुसरे पुस्तक चाळले आणि शेवटचे वचन पुन्हा पुन्हा वाचले, असे त्यांनी मला नंतर सांगितले. लहानपणापासून तोंडपाठ असलेली गोष्ट त्यांनी त्या आठवड्यात प्रथमच वाचली.

प्रत्येक पाठात हेच थोड्याफार फरकाने घडते. डिसेंबरात नाताळचे नाटुकले बसवावयास घ्यावे, तो मागी लोकांचे तीन मुकुट तयार असतात आणि चौथा मुलगा मुकुटासाठी रडत असतो. शिक्षक मत्तयाचा दुसरा अध्याय उघडतो, तर तेथे मागी लोकांची संख्याच दिलेली नाही, तीन आहेत त्या भेटी, आणि ते आले तेही गोठ्यात नव्हे, घरात. गव्हाणी आणि मेंढपाळ लूकच्या शुभवर्तमानात, तारा आणि मागी मत्तयाच्या. मरीयेला घेऊन चालणारे गाढव तर दोघांपैकी कोणाच्याही वृत्तांतात नाही. मत्तय आणि लूक यांनी एकच जन्म दोन निराळ्या दृष्टींनी सांगितला आहे, एकाने राजाच्या दरबारातील खळबळीच्या बाजूने आणि दुसऱ्याने रानात राखण करणाऱ्यांच्या बाजूने, ही गोष्ट ज्या माणसाला तीस नाताळांच्या प्रवचनांतून कळली नसती ती त्याला एका मुकुटाच्या तंट्यातून कळते. आणि चौथ्या मुलालाही मुकुट द्यावयास शास्त्राची हरकत नाही, हेही कळते. पाच भाकरी आणि दोन मासळ्यांची गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे, पण भाकरी आणणारा मुलगा, जो मुलांच्या वर्गात नायक होऊन बसतो, तो एकट्या योहानाने टिपला आहे. नोहाने प्रत्येक जातीची जोडी घेतली की शुद्ध पशूंच्या सात सात घेतल्या, असे कोणी चौकस मुलगी विचारते, आणि उत्पत्तीचा सहावा व सातवा अध्याय शेजारी शेजारी ठेवून पाहणे भाग पडते. गल्याथाला दावीदाने मारले हे जगजाहीर. पण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील एकविसाव्या अध्यायाच्या हिब्रू पाठात ते श्रेय एल्हानान नावाच्या वीराकडे जाते, आणि पहिल्या इतिहासाचा विसावा अध्याय, त्याने मारला तो गल्याथाचा भाऊ, असे म्हणतो. प्राचीन ग्रंथ हातोहात उतरत येताना काय काय होते, याचा विचार शिक्षकाला येथे करावाच लागतो.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र असे संख्येचे वा नावांचे नसतात. ते न्यायाचे असतात. अब्राहाम इसहाकाला बळी द्यावयास निघाला, ही उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायातील कथा सांगताना, त्याने त्याच्या आईला विचारले होते का, असा प्रश्न एखादे मूल हटकून विचारते. अध्यायात सारेचे नावही नाही. पुढचा अध्याय उघडावा तो तिच्या मरणाने सुरू होतो. प्राचीन रब्बींनाही हेच जाणवले होते, आणि त्यांनी या दोन अध्यायांचा सांधा जुळवून, मोरिया प्रदेशातील बातमी ऐकून सारेने प्राण सोडला, अशी कथा सांगितली. पहिल्या शतकानंतरच्या ज्यू पंडितांना पडलेला प्रश्न आणि तिसरीतल्या पोराला पडलेला प्रश्न एकच असावा, यावरून मुलांचे प्रश्न पोरकट असतात या आपल्या समजुतीचा फेरविचार करावयास हवा. मुलाला विद्वत्ता नसते, पण त्याला अजून भीडही नसते. आणि ज्या कथेत मूल बांधले जात आहे ती कथा ऐकताना ते स्वतःला त्या लाकडांवर पाहते. वयस्क वाचक अब्राहामाच्या श्रद्धेकडे पाहून पुढे जातो. शिक्षकाला तेथे थांबून, आपण या देवाविषयी नेमके काय मानतो, हे आधी आपल्या मनाशी ठरवावे लागते. छापील पाठमालेत उत्तर असले तरी ते आपले नाही, हे मुले तत्काळ ओळखतात.

शिकविण्याच्या नुसत्या अपेक्षेनेही अभ्यास सुधारतो, याला अलीकडे प्रयोगाचा आधार मिळाला आहे. जॉन नेस्टोइको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना, उतारा वाचून तुम्हाला तो दुसऱ्यास शिकवावयाचा आहे, असे सांगण्यात आले आणि काहींना, तुमची परीक्षा होणार आहे, असे. प्रत्यक्षात कोणालाही शिकवू न देता सर्वांची परीक्षाच घेतली, तेव्हा शिकविण्याच्या तयारीने वाचलेल्यांनी अधिक मजकूर, अधिक सुसंगत क्रमाने, आणि विशेषतः मुख्य मुद्दे, चांगले सांगितले. कारण उघड आहे. परीक्षार्थी तपशील साठवतो. शिक्षकाला मात्र आधी काय, मग काय, आणि कशामुळे काय, हे लावून घ्यावे लागते. ऑगस्टिनने डीकनला दिलेल्या सल्ल्याचाही मुख्य भाग हाच होता, की सबंध कथा आरंभापासून सांग, पण वळणाच्या जागा निवडून तेथे रेंगाळ.

येथे एक इशारा दिला पाहिजे. शिकविले म्हणजे शिकणे आपोआप झाले, असा काही नियम नाही. तीस तीस वर्षे वर्ग घेऊन एकही नवी गोष्ट न शिकलेली माणसे प्रत्येक मंडळीत असतात. त्यांची रीत ठरलेली असते: शनिवारी रात्री पाठमालेचे पान वाचावे, रविवारी ते वाचून दाखवावे, गोष्ट संपताच तात्पर्य फळ्यावर लिहावे, आईवडिलांचे ऐकावे, खोटे बोलू नये, आणि कोणी प्रश्न विचारलाच तर, देवाविषयी असे विचारू नये, म्हणून त्याला खाली बसवावे. योनाचे तात्पर्य आज्ञापालन, दावीदाचे धैर्य, दानिएलाचे प्रार्थना, असे एकेक शब्दाचे शिक्के मारले, की कथेतील राग, शंका, अन्याय आणि विनोद सारे दप्तरदाखल होऊन जाते. अशा वर्गात मुले काही शिकत नाहीत असे नाही, पण शिक्षकाच्या सवलती जशाच्या तशा कायम राहतात. याउलट मुलांपुढे काय सांगू नये, याचा प्रामाणिक विचारही शिकविणाराला पुष्कळ शिकवितो. शास्त्यांच्या अकराव्या अध्यायातील इफ्ताहाने नवस फेडण्यासाठी आपल्या मुलीचा बळी दिल्याची हकीकत सहा वर्षांच्या मुलांना कोणी सांगत नाही, आणि ते योग्यच आहे. पण ती का वगळली, हे स्वतःला सांगताना शिक्षकाला तो अध्याय वाचावा लागतो, जो एरवी त्याने कधी उघडलाही नसता.

तेव्हा ज्याला या कामातून स्वतःचा अभ्यास साधावयाचा आहे त्याने काही साध्या गोष्टी पाळाव्यात. पाठ शनिवारी रात्री न उघडता आठवड्याच्या आरंभी उघडावा, म्हणजे तो मनात मुरावयास अवधी मिळतो. नेमलेल्या उताऱ्याच्या मागचा व पुढचा अध्याय वाचावा, आणि तीच गोष्ट दुसऱ्या शुभवर्तमानात असेल तर ती ताडून पाहावी. रमाबाईंचे भाषांतर आणि बायबल सोसायटीचे प्रचलित भाषांतर शेजारी ठेवण्याची ज्याला सोय असेल त्याने ती अवश्य करावी. गोष्ट पुस्तकात न पाहता सांगावी, कारण जेथे आपण अडखळतो तेथेच आपल्याला ती कळलेली नसते. मुलांचे प्रश्न हजेरीपत्रकाच्या पाठीमागे का होईना टिपून ठेवावेत, आणि ज्याचे उत्तर येत नसेल त्याला, पुढच्या रविवारी सांगेन, असे म्हणून खरोखरच पुढच्या रविवारी सांगावे. ज्याचे उत्तर ग्रंथातच नाही त्याच्याबाबत तेही स्पष्ट सांगावे, कारण ग्रंथाने कोठे मौन पाळले आहे हे ठाऊक असणे हाही ग्रंथाच्या अभ्यासाचाच भाग आहे.

मंडळ्यांच्या कारभाऱ्यांनीही यातून काही बोध घेण्याजोगा आहे. मुलांच्या वर्गाची नेमणूक ही आजवर बहुधा, ज्याला दुसरे काम नाही त्याला द्यावयाची, किंवा तरुण मुलींवर टाकून मोकळे व्हावयाचे, अशी समजली जाते. एकदा ज्याच्या गळ्यात ती पडली तो दहा वर्षे सुटत नाही, आणि बाकीचे तेवढीच वर्षे प्रवचन ऐकून घरी जातात. याकोबाच्या पत्रात शिक्षकांचा न्याय अधिक कडक रीतीने होईल असा इशारा आहे, आणि तो मनावर घेऊन माघार घेणारे सज्जन थोडे नाहीत; पण तो इशारा निष्काळजी शिक्षकासाठी आहे, अपुऱ्या शिक्षकासाठी नव्हे. ज्या वर्गातील लाभ सर्वांत अधिक शिक्षकाला होतो त्या वर्गाचे शिक्षकपद चार-दोन जणांकडे कायम ठेवणे हा उरलेल्या मंडळीवर अन्याय आहे. पंचांनी, वडिलांनी, गायनवृंदातील मंडळींनी, आणि विशेषतः बायबल आपल्याला पुरते ठाऊक आहे अशी ज्यांची खात्री आहे त्यांनी, आळीपाळीने वर्षभर तरी हा वर्ग घ्यावा. पाळकांकडे येऊन, बायबलचा अभ्यास वाढवावयाचा आहे, कोणती टीका वाचू, असे विचारणाऱ्या माणसाला टीकाग्रंथाचे नाव जरूर सांगावे. पण त्याआधी त्याला सात ते दहा वर्षांच्या मुलांचे हजेरीपत्रक द्यावे, म्हणजे तो टीकाग्रंथ कशासाठी उघडावयाचा, हे त्याला पहिल्या महिन्यातच कळून येईल.